कीर्द, खतावणी आणि झाडलोट : डेटाबेस नोंदी कशा राखतो व कशा विसरतो

शब्दकोश, ग्रंथसूची, हस्तलिखितांची यादी, म्हणींचा संग्रह अशी कामे आता कागदी चिठ्ठ्यांऐवजी डेटाबेसवर होऊ लागली आहेत. ती करणारे बहुतेक जण भाषेचे अभ्यासक असतात. संगणकाच्या पोटात काय चालते याची चौकशी करण्याची त्यांना एरवी गरज पडत नाही. मी बडोद्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना डेटाबेस हा विषय शिकवतो आणि अशा काही संग्रहांच्या तांत्रिक कामात मदत करतो. तेथे दोन प्रश्न मला वारंवार विचारले जातात. पहिला : ‘नोंद जतन केली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर ती राहते की जाते?’ दुसरा : ‘दुबार झालेल्या हजारो नोंदी आम्ही काढून टाकल्या, तरी डेटाबेसने व्यापलेली जागा कमी का होत नाही?’

पहिला प्रश्न स्मरणाचा आहे आणि दुसरा विस्मरणाचा. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात दोन्हींची उत्तरे एकाच शिस्तीतून निघतात : जुने पुसण्याची घाई करायची नाही, आणि काहीही करण्यापूर्वी ते लिहून ठेवायचे. ही शिस्त समजली तर आपल्या संग्रहाची काळजी कशी घ्यावी, हेही बरेचसे समजते. उदाहरणासाठी मी पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस घेतो. तो मुक्त व विनामूल्य आहे, जगभर वापरला जातो, आणि त्याची अंतर्गत रचना सर्वांना पाहता येते. पुढे त्याला सोयीसाठी पोस्टग्रेस म्हणू.

आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या दुकानात दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने एकाखाली एक लिहिले जात. खतावणीत प्रत्येक माणसाचे, प्रत्येक बाबीचे वेगळे पान असे. कीर्दीतली नोंद सवडीने त्या त्या पानावर चढवली जाई. कीर्द लिहायला वेळ लागत नाही, कारण शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ लिहायची असते. खतावणीला वेळ लागतो, कारण एका व्यवहारासाठी चार पाने शोधावी लागतात. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द शाबूत असेल, तर ती पुन्हा पूर्ण करता येते.

पोस्टग्रेस नेमके हेच करतो. सगळी माहिती ८ किलोबाइटच्या पानांत विभागून डिस्कवर ठेवलेली असते. ही त्याची खतावणी. आपण कोशात एक शब्द घातला, तर मूळ तक्त्याचे एक पान बदलते, शब्दांच्या अकारविल्हे सूचीचे एखादे पान बदलते, विषयवार सूची असेल तर तिचेही बदलते. ही पाने डिस्कवर विखुरलेली असतात. प्रत्येक नोंदीबरोबर ती सगळी लगोलग डिस्कवर लिहायची म्हटले तर काम फार मंदावेल. म्हणून बदल आधी संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, केले जातात आणि डिस्कवरची पाने काही काळ जुनीच राहतात. वीज गेली की मेमरीतले सगळे पुसले जाते. शिवाय शब्द तक्त्यात आला पण सूचीत आला नाही, अशी अर्धवट अवस्था डिस्कवर राहण्याची भीती असते.

यावरचा उपाय म्हणजे ‘राइट-अहेड लॉग’, म्हणजेच आपली कीर्द. तिचे नियम दोन. कोणतेही बदललेले पान डिस्कवर जाण्यापूर्वी त्या बदलाची कीर्दीतली नोंद डिस्कवर पोचलेली असली पाहिजे. आणि व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद कीर्दीत उमटून डिस्कवर पोचल्याशिवाय वापरणाऱ्याला ‘जतन झाले’ असे सांगायचे नाही. येथे व्यवहार म्हणजे एकत्र घडले पाहिजेत अशा बदलांचा एक संच. त्यातले सगळे बदल होतील, नाहीतर एकही होणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. मूळ मांडणीत फेरफार केलेला नसेल आणि डिस्क प्रामाणिक असेल, तर ‘जतन झाले’ हा संदेश आल्यानंतर गेलेल्या विजेने ती नोंद हरवत नाही. संदेश येण्यापूर्वी वीज गेली तर ती नोंद राहीलच असे धरता येत नाही. पण अर्धी राहिली आणि अर्धी गेली, असे मात्र होत नाही. ‘डिस्क प्रामाणिक असेल’ असे मी मुद्दाम म्हणतो. काही स्वस्त डिस्क माहिती स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत घेऊनच ‘लिहिले’ असे कळवतात. तेथे कोणत्याही डेटाबेसचा इलाज चालत नाही.

वीज परत आल्यावर

संगणक पुन्हा सुरू झाला की पोस्टग्रेसला कळते की मागच्या वेळी आपण रीतसर बंद झालो नव्हतो. मग तो कीर्द उघडतो आणि एकेक नोंद वाचत ते बदल पानांवर पुन्हा चढवतो. पण संस्था स्थापन झाल्या दिवसापासूनची कीर्द वाचायची काय? तशी वेळ येऊ नये म्हणून ठरावीक अंतराने, मूळ मांडणीत दर ५ मिनिटांनी, ‘चेकपॉइंट’ घेतला जातो. तो सुरू होताना जी पाने बदललेली असतील ती सगळी डिस्कवर उतरवली जातात आणि ‘येथपर्यंत खतावणी पुरी आहे’ अशी खूण केली जाते. अपघातानंतर त्या खुणेपासून पुढचीच कीर्द वाचावी लागते. मागची कीर्द, दुसऱ्या कोणत्या कामासाठी राखायची नसेल, तर काढून टाकता येते.

यात दोन बारकावे आहेत. खतावणीच्या प्रत्येक पानावर त्याला लागलेल्या शेवटच्या कीर्द-नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. त्यामुळे एखादा बदल आधीच चढला असेल तर तो ओळखता येतो आणि दुसऱ्यांदा चढवला जात नाही. दुरुस्ती चालू असताना पुन्हा वीज गेली तरी बिघडत नाही, काम पहिल्यापासून सुरू करता येते.

दुसरा बारकावा फाटलेल्या पानाचा. ८ किलोबाइटचे पान लिहिले जात असताना वीज गेली, तर त्याचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना राहू शकतो. असे पान पाहून त्यावर काय चढवायचे हे ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादे पान पहिल्यांदा बदलले की पोस्टग्रेस त्या पानाची संपूर्ण नक्कल कीर्दीत घालतो. कीर्द त्यामुळे जाड होते, पण फाटलेले पान जसेच्या तसे उभे करता येते.

अपुऱ्या व्यवहारांचे काय करायचे

वीज गेली तेव्हा काही व्यवहार अर्ध्यावर असतात. त्यांचे काही बदल डिस्कवर पोचलेले असू शकतात. ते मागे घ्यायला हवेत. या प्रश्नाची प्रसिद्ध मांडणी आयबीएमच्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केली. मोहन हे मद्रासच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. एरीजचा क्रम असा : प्रथम कीर्द चाळून अपघाताच्या वेळची स्थिती जाणून घ्यायची; मग सगळे बदल, अपुऱ्या व्यवहारांचेसुद्धा, पुन्हा चढवायचे; आणि शेवटी अपुरे व्यवहार उलट्या क्रमाने उलगडत मागे न्यायचे. अनेक मोठे डेटाबेस याच वळणावर चालतात.

पोस्टग्रेसमध्ये मात्र ही तिसरी पायरी नाही. अपुरा व्यवहार मागे न्यावाच लागत नाही, कारण त्याने जुने काही पुसलेलेच नसते. येथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

नोंदीचे पाठभेद

हस्तलिखितांच्या संपादकाला पाठभेद परिचयाचे असतात. एकाच ओवीचे दोन पाठ शेजारी ठेवून कोणता ग्राह्य हे तो ठरवतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक नोंदीचे असे पाठ असतात. आपण ‘आडकित्ता’ हा शब्द दुरुस्त करून ‘अडकित्ता’ केला, तर जुन्या नोंदीवर नवी अक्षरे गिरवली जात नाहीत. नवा पाठ वेगळा लिहिला जातो आणि जुन्या पाठावर ‘अमुक क्रमांकाच्या व्यवहाराने रद्द केला’ एवढी खूण होते. नव्या पाठावर त्याला जन्म देणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक असतो. नोंद काढून टाकली तर नवा पाठ येत नाही, फक्त जुन्यावर रद्द झाल्याची खूण येते.

कोणता व्यवहार पूर्ण झाला आणि कोणता नाही, याची वेगळी यादी असते. वाचणारा ती यादी पाहतो. ज्या व्यवहाराने नवा पाठ लिहिला तो पूर्ण झालेला नसेल, तर तो पाठ त्याला दिसत नाही, जुनाच ग्राह्य ठरतो. वीज जाऊन अपुरा राहिलेला व्यवहार कधीच ‘पूर्ण’ म्हणून नोंदला जात नाही. त्याचे सगळे पाठ आपोआप अग्राह्य ठरतात. उलगडण्याचे काम उरत नाही.

या पद्धतीचा रोजचा फायदाही मोठा आहे. समजा, एक संपादक ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळा कोश छपाईसाठी काढून घेत आहे आणि त्याच वेळी दोन सहकारी दुरुस्त्या करीत आहेत. संपादकाने काम सुरू केले त्या क्षणी जी स्थिती होती, तीच त्याला शेवटपर्यंत दिसते. सहकाऱ्यांना त्याच्यासाठी थांबावे लागत नाही, त्यालाही त्यांच्यासाठी थांबावे लागत नाही.

मात्र या सोयीची किंमत द्यावी लागते. एक नोंद दहा वेळा दुरुस्त केली तर तिचे दहा जुने पाठ पडून राहतात. कोणी पाहत नसले तरी ते जागा अडवतात, शोध मंदावतात.

झाडलोट

ही अडचण पोस्टग्रेसच्या जन्मापासूनची आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९८६ साली हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा जुने पाठ टाकून द्यावेत असा विचार नव्हता. ते इतिहास म्हणून वेगळ्या साठ्यात हलवावेत आणि ‘अमुक तारखेला ही नोंद काय होती’ असे विचारता यावे, अशी कल्पना होती. हलवण्याचे काम करणाऱ्या प्रक्रियेला त्यांनी ‘व्हॅक्यूम क्लीनर’ म्हटले. इतिहासात मागे जाण्याची ती सोय पुढे १९९७ साली काढून टाकण्यात आली, पण ‘व्हॅक्यूम’ हे नाव राहिले. आज वापरात असलेली कीर्द तर २००१ साली आली, म्हणजे झाडू आधी आणि वही नंतर.

व्हॅक्यूम काय करतो ते पाहू. सर्वांत जुना चालू वाचक किंवा व्यवहार कोणता, हे तो प्रथम पाहतो. त्या सर्वांत जुन्या वाचकालाही ज्याची गरज पडणार नाही, असाच रद्द पाठ मृत मानला जातो. मग तो तक्ता वाचत मृत पाठांचे पत्ते गोळा करतो. त्यानंतर सूचींमधून त्या पत्त्यांच्या नोंदी काढतो. शेवटी तक्त्यातली ती जागा मोकळी म्हणून जाहीर करतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. जागा आधी मोकळी केली आणि तेथे नवा शब्द येऊन बसला, तर सूचीतला जुना पत्ता भलत्याच शब्दाकडे बोट दाखवील. ग्रंथालयात पुस्तक बाद करताना आधी तालिकेतले कार्ड काढतात आणि मगच तो दाखल क्रमांक मोकळा समजतात, तसेच हे. आणि ही झाडलोटही कीर्दीत लिहिली जाते. झाडता झाडता वीज गेली तरी गोंधळ होत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. व्हॅक्यूम जागा मोकळी करतो ती त्याच तक्त्याच्या पुढच्या नोंदींसाठी. फाइलच्या अगदी शेवटची पाने रिकामी झाली तर ती कापली जातात, एरवी फाइल तेवढीच राहते. फाइल लहानच करायची असेल तर ‘व्हॅक्यूम फुल’ ही वेगळी आज्ञा आहे. ती सगळा तक्ता नव्याने लिहून काढते आणि तेवढा वेळ कोणालाही त्या तक्त्यात वाचू किंवा लिहू देत नाही. फाइल मोठी दिसते म्हणून ती दर आठवड्याला चालवण्याचे कारण नाही. मोकळी जागा पुढे कोशाच्याच कामी येते.

पूर्वी व्हॅक्यूम माणसाने आठवणीने चालवावा लागे. २००५ साली तो मूळ प्रणालीत स्वयंचलित झाला आणि २००८पासून तो आपोआप चालू असतो. मूळ मांडणीत प्रणाली साधारण दर मिनिटाला पाहणी करते. एखाद्या तक्त्यात एकूण नोंदींच्या २० टक्के अधिक ५० इतके मृत पाठ साठले, की झाडलोट सुरू होते. १,००,००० शब्दांच्या कोशात हा आकडा २०,०५० होतो. काम संथपणे, अधूनमधून थांबत केले जाते, म्हणजे वापरणाऱ्यांना अडथळा होऊ नये.

सगळेच डेटाबेस असे करत नाहीत. मराठी विकिपीडिया ज्या मारियाडीबीवर चालतो, त्यात नवा पाठ जुन्याच्या जागी बसतो आणि जुना पाठ वेगळ्या ‘अनडू’ नोंदींत ठेवला जातो. तेथे अपुरे व्यवहार उलगडावे लागतात आणि निरुपयोगी झालेल्या अनडू नोंदी पार्श्वभूमीवर चालणारी ‘पर्ज’ ही प्रक्रिया काढते. कचरा वेगळ्या खोलीत साठतो एवढाच फरक, झाडलोट चुकत नाही. विकिपीडियाच्या पानांचा ‘इतिहास’ हा मात्र या अर्थाने कचरा नव्हे. तो वाचकांसाठी जाणूनबुजून राखलेल्या नोंदींचाच भाग आहे.

झाडलोट अडते कशाने

सर्वांत सामान्य कारण म्हणजे उघडा सोडलेला व्यवहार. कोणीतरी सकाळी एखाद्या कार्यक्रमातून व्यवहार सुरू करतो, नोंदी पाहतो आणि तो न संपवता घरी जातो. प्रणालीच्या दृष्टीने तो वाचक अजून वाचतो आहे. त्याने वाचन सुरू केल्यानंतर रद्द झालेला कोणताही पाठ मग झाडता येत नाही, कारण त्याला तो लागेल. एका माणसाच्या बेपर्वाईने सगळ्या डेटाबेसचा कचरा तुंबतो. असा निष्क्रिय व्यवहार ठरावीक वेळेनंतर तोडण्याची सोय २०१६पासून आहे. ती वापरावी.

दुसरे कारण म्हणजे ‘यंत्र मंद होते’ म्हणून स्वयंचलित व्हॅक्यूम बंद करून टाकणे. यातला धोका केवळ जागेचा नाही. व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे असतात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आपल्या ६० संवत्सरांसारखेच हे. जुन्या कागदावर नुसते ‘प्रभव संवत्सर’ लिहिलेले असेल, तर ते कोणत्या फेऱ्यातले हे त्यावरून सांगता येत नाही. पोस्टग्रेस कोणत्याही क्षणी अर्धे, म्हणजे सुमारे २१४ कोटी क्रमांक भूतकाळातले मानतो आणि अर्धे भविष्यातले. एखादी जुनी नोंद या सीमेपलीकडे गेली तर ती ‘भविष्यातली’ ठरून दिसेनाशी होईल. तसे होऊ नये म्हणून व्हॅक्यूम पुरेशा जुन्या नोंदींवर ‘ही कायमची भूतकाळातली’ अशी खूण करतो. ही खूण करण्याचे काम दीर्घकाळ अडले, तर पोस्टग्रेस आधी इशारे देतो आणि अगदी काठावर आल्यावर नवे लेखन स्वीकारणे थांबवतो. कोशाला हा आकडा गाठायला फार मोठा काळ लागेल. पण सेकंदाला १,००० व्यवहार लिहिणारी सेवा सुमारे २५ दिवसांत तेथे पोचते.

एका नावाची किंमत

भाषेच्या माणसांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट या विषयात आहे. पोस्टग्रेसची कीर्द ज्या फोल्डरमध्ये असते, त्याचे नाव पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ होते. कोणता व्यवहार पूर्ण झाला याची यादी ‘पीजी_क्लॉग’ या फोल्डरमध्ये असे. संगणकाच्या व्यवहारात ‘लॉग’ म्हणजे बहुधा घडामोडींची टिपणे. जुनी झाली की ती बिनधास्त पुसतात. डिस्क भरली की काही जणांनी ‘लॉगच तर आहेत’ म्हणून ही फोल्डरे रिकामी केली आणि डेटाबेस कायमचा गमावला. अखेर २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत ही नावे बदलून ‘पीजी_वॉल’ आणि ‘पीजी_एक्सॅक्ट’ अशी केली गेली. असे अपघात कमी व्हावेत हाच नाव बदलण्याचा हेतू असल्याचे त्या आवृत्तीच्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून या संज्ञांचे मराठीकरण करताना शब्दाची छटा पाहावी, असे मला वाटते. राइट-अहेड लॉगला ‘नोंदवही’ म्हटले तर तोच घोटाळा मराठीत शिरेल. ‘कीर्द’ म्हटले की ती पुसायची नसते, हे शब्दातच येते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली आठ भाषांतील राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. हिशेब आणि दफ्तर यांची परिभाषा आपल्याकडे नवी नाही. डेटाबेस ही त्याच दफ्तराची पुढची पायरी आहे.

संस्थांनी काय पाहावे

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. अपघातातून सावरण्याची ही व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच जळाली तर कीर्दही तिच्याबरोबर जाते. कोणी चुकून सगळा ‘क’ काढून टाकला आणि तो व्यवहार पूर्ण झाला, तर कीर्द ती चूकही इमानाने जपते. यासाठी डेटाबेसची वेगळी नक्कल दुसऱ्या जागी हवी. त्या नकलेसोबत नंतरची कीर्दही साठवली, तर चूक होण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत संग्रह पुन्हा उभा करता येतो.

उलट बाजूने, काढलेली नोंद लगेच नष्ट झाली असेही समजू नये. झाडलोट होऊन त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिची अक्षरे फाइलमध्ये असू शकतात, आणि जुन्या कीर्दीत व नकलांमध्ये तर ती असतातच. माहितीदारांचे दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ते संग्रहात असतील, तर संगणक विकताना किंवा फाइल कोणाला देताना हे ध्यानात ठेवावे.

संग्रहाचे काम कोणाकडे सोपवताना संस्थेच्या चिटणिसांनी चार प्रश्न विचारावेत. ‘जतन झाले’ हा संदेश डिस्कवर लिहून झाल्यावरच येतो ना? स्वयंचलित व्हॅक्यूम चालू आहे ना, आणि त्याने शेवटची झाडलोट कधी केली? बॅकअप दुसऱ्या इमारतीत आहे का? आणि त्या बॅकअपवरून संग्रह पुन्हा उभा करून पाहण्याची शेवटची चाचणी केव्हा झाली? शेवटच्या प्रश्नाला ‘अजून वेळ आली नाही’ असे उत्तर मिळाले, तर ती चाचणी त्याच महिन्यात करून घ्यावी. चिठ्ठ्यांवर पन्नास वर्षे राबलेल्या माणसांचे काम आपण या यंत्रांच्या हवाली केले आहे, तेव्हा एवढी चौकशी करणे आपल्याकडे लागते.